पट्टी बाहेर

माझ्या हातचे पहिले तीन घेर अण्णांनी मला उसवायला लावले. कापड चांगलं होतं, टाके सरळ होते, काठ दुमडून दुहेरी शिलाई मारली होती. आमच्या आत्यानं ते काम पाहिलं असतं तर चार घरांत दाखवून आली असती. अण्णांनी तिन्ही घेर माझ्या मशीनवर ठेवले आणि विचारलं, "तंगी, ही पट्टी आत का शिवली गे?"

"बाहेर लोंबत होती," मी म्हटलं. "बरं नव्हतं दिसत."

"लोंबायलाच पाहिजे ती. नाही लोंबली तर माणूस मरतो."

तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. अण्णा जयनगरात स्कूटरच्या सीटची कव्हरं, जीपचे हूड आणि तंबू शिवून देण्याचं दुकान चालवायचे. त्यांचं घराणं मराठी, पण बेंगळुरात येऊन तीनशे वर्षं झालेलं. घरी बोलायचे मराठीच, पण त्यांना राग यायचा तो कन्नडमध्ये. मी नवीन होते तेव्हा ते मराठीत बोलतायत एवढ्यावरच मला हायसं वाटायचं.

मी भंडाऱ्याकडची. आठवी पास झाले, नववीत आई आजारी पडली, तेव्हा शाळा सुटली आणि आत्याच्या शिलाई मशीनवर बसले ती बसलेच. नव्वदच्या सुरुवातीला भाऊ रेल्वेच्या नोकरीत के. आर. पुरमला आला, त्याच्यामागून मी. दोन वर्षांत त्याची बदली झाली. मला दुकानात काम लागलं होतं, म्हणून मी मागं राहिले. के. आर. पुरमला एक खोली, तिथून दोन बस बदलून जयनगर. बसवरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, नंबर पाठ केले होते. नंबर बदलला तर काय, ही धास्ती रोज असायची. म्हणून अर्धा तास आधीच निघायचे आणि दुकान उघडेपर्यंत पायरीवर बसायचे. अण्णांना वाटायचं, मुलगी फार कष्टाळू आहे. खरं म्हणजे मला काम जाण्याची भीती वाटायची.

तर तो घेर. अण्णांना कायाकचं वेड होतं. कायाक म्हणजे एका माणसाची अरुंद, बंद बोट. तिच्या तोंडातून कमरेपर्यंत आत शिरायचं, पाय लांब करायचे आणि दोन्हीकडं पातं असलेलं वल्हं चालवायचं. खळाळत्या नदीत लाट अंगावरून जाते, ती बोटीत शिरू नये म्हणून कमरेभोवती रबर चढवलेल्या कापडाचा घेर घालतात. घेराच्या काठात रबरी दोर असतो. तो बोटीच्या तोंडाच्या कडेवर ताणून बसवला की माणूस आणि बोट एक होतात. अण्णांबरोबरची कायाकवाली मंडळी त्याला स्कर्ट म्हणायची. ते ऐकून दुकानातल्या बाकीच्या बायका इतक्या हसायच्या की आम्ही आमच्यात घेरच म्हणू लागलो.

बोट उलटली की माणूस डोकं खाली, पाण्यात. तेव्हा बाहेर यायचा एकच रस्ता. घेराच्या पुढच्या टोकाला एक पट्टी असते, ती हातात धरून ओढायची, दोर निसटतो, माणूस सुटतो. ती पट्टी मी नीटनेटकेपणानं आत घालून वरून टाके मारले होते.

"जो शिवतो त्यानं आधी आत बसायचं," अण्णा म्हणाले. "रविवारी चल."

देवनहळ्ळीकडं एक तळं होतं, तिथं या मंडळींचा सराव चालायचा. अक्का, म्हणजे अण्णांची बायको, मुद्दाम बरोबर आली, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. पोहता येतं का, असं अण्णांनी विचारलं. आमच्या गावच्या बोडीत, म्हणजे गावतळ्यात, म्हशींबरोबर मी लहानपणापासून पोहलेली. पण घेर चढवून बोटीत बसले आणि कमरेखालचं काहीच हलेना, तेव्हा दोन्ही हातांनी बोटीची कड घट्ट धरली. अण्णांनी बोट धरली, "पट्टी कुठं?" विचारलं, मी दाखवली आणि त्यांनी बोट सरळ उलटी केली.

पाणी हिरवं होतं. नाकात गेलं. मी पट्टी ओढली आणि बाहेर आले. एकूण किती वेळ गेला असेल, पाच सेकंद. पण वर आल्यावर मला जे वाटलं ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेली नाही. इतकी वर्षं मी ज्याला त्याला घाबरत होते, आणि इथं खरोखर घाबरण्यासारखं झालं तर माझ्या हातानं काम बरोबर केलं.

"पुन्हा?" अण्णांनी विचारलं.

"पुन्हा," मी म्हटलं.

त्यानंतरचे माझे बहुतेक रविवार पाण्यात गेले. आईशी महिन्यातून दोनदा एसटीडी बूथवरून बोलायचे. तिला एवढंच सांगितलं होतं की रविवारी तळ्यावर जाते. ती म्हणायची, "काहून गं, घरी नळ नाही का?"

पुढच्या दोन वर्षांत मी तळ्यावरून कावेरीवर आले. दगडांमधून वेगानं धावणारं पाणी वाचायला शिकले. कुठं गुळगुळीत फुगवटा दिसतो म्हणजे खाली दगड आहे, कुठं पाणी उलटं फिरतं म्हणजे तिथं थांबून श्वास घेता येतो. हे वाचायला आठवीच्या पुढची इयत्ता लागत नव्हती. अण्णा सोडले तर बाकीचे पाच जण इंजिनिअर, प्राध्यापक, एक दातांचे डॉक्टर. मला बोट, वल्हं, सगळं अण्णांकडून मिळालेलं. ते उसनं आहे आणि एक चूक झाली की परत द्यावं लागेल, असं माझ्या मनात कायम असायचं. कुणी तसं कधी बोललं मात्र नाही.

घेर मी शिवायचे, म्हणून तपासायचं कामही माझ्याकडं आलं. पाण्यात उतरण्याआधी मी प्रत्येकाच्या बोटीजवळ जायचे, वाकून विचारायचे, "पट्टी बाहेर?" त्यानं ती हातात धरून दाखवायची. अण्णांचा नियम होता की पट्टी आत सापडली तर त्या दिवशी बोट बंद. एकदा पुण्याहून नवीन आलेला एक सॉफ्टवेअरवाला मुलगा सापडला. बोलण्याच्या नादात त्यानं घेर पट्टीवरच चढवला होता.

"अहो ताई, एवढ्यानं काय होतंय? करतो ना ॲडजस्ट."

"आज बोट बंद," मी म्हटलं.

"तुम्ही आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरपेक्षा डेंजर आहात."

त्या दिवशी परत येताना त्याला सामानाच्या टेम्पोत बसावं लागलं. टेम्पोवाल्यानं वाटेत दोन शेळ्या भरल्या होत्या. नंतर कितीतरी महिने तो मला 'शेळ्यांच्या ताई' म्हणायचा.

तळ्याच्या बांधापलीकडं कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा होती. रविवारी ती मुलं बांधावर येऊन बसायची. नदीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून कायाकवाल्यांच्या खुणा ठरलेल्या असतात. वल्हं उभं धरलं की मधून या, आडवं धरलं की थांबा. पालथ्या झालेल्या माणसानं वर आल्यावर डोक्यावर हात थोपटला की मी ठीक आहे. लांबून कुणाला विचारायचं असेल तरी तेच, आपल्या डोक्यावर थोपटायचं, त्यानं तसंच उत्तर द्यायचं. बाकी लोकांना या खुणा शिकवाव्या लागायच्या. त्या मुलांना एका सकाळीत आल्या. आम्ही उलटलो की बांधावर वीसेक हात वीसेक डोक्यांवर जायचे, आणि आम्ही उत्तर देईपर्यंत खाली यायचे नाहीत.

त्यांच्यात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती, दोन घट्ट वेण्यांची. ती माझ्याच बोटीकडं बघायची. बहुधा मी एकटीच बाई होते म्हणून.

शाळेला श्रवणयंत्रं हवी होती. अण्णांनी ठरवलं की कावेरीत भीमेश्वरीहून संगमापर्यंत दोन दिवस वल्हवत जायचं आणि आपापल्या गल्लीतल्या, ऑफिसातल्या लोकांकडून त्यासाठी मदत घ्यायची. मला वाटलं, माझ्या ओळखीचं कोण देणार? पण दुकानाशेजारची फुलवाली, चहावाला, आमची घरमालकीण, सगळ्यांनी दिलं. फुलवाली म्हणाली, "तू बोटीत बसणार? नीनु? मग देते. पण पोहोचायचं हं." मुलांनी सातही बोटींच्या नाकाडावर मासे रंगवले. माझ्या बोटीवरचा मासा त्या वेण्यावाल्या मुलीनं काढला, पिवळा, दात असलेला.

या प्रवासासाठी मी सात नवीन घेर शिवले. अण्णांनी थोडा जाड दोर आणून दिला होता. सगळे तळ्यावर तपासले, सगळे सुटले.

पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी संगमाच्या वर तीन खळाळ राहिले होते. पहिल्याच्या आधी आम्ही काठाला लागलो, खडकांवर चढून पाणी बघितलं, कुणी कुठून जायचं ते ठरवलं. ऊन चढत होतं, संगमावर मुलं येऊन थांबणार होती, म्हणून परत बोटीत बसायची घाई झाली. मी सहा जणांच्या पट्ट्या पाहिल्या. "बाहेर?" "बाहेर." पुण्याच्या मुलानं तर पट्टी दोन बोटांत धरून ओवाळून दाखवली. मग मी शेवटची माझ्या बोटीत बसले.

पुढं झालं ते सोपं आहे. दुसऱ्या लाटेनंतर बोट डावीकडं झुकली, मी चुकीच्या बाजूला वल्हं टाकलं आणि उलटले. वल्ह्यानं बोट सरळ करायचा प्रयत्न केला, जमला नाही. पुन्हा केला, जमला नाही. तेव्हा बाहेर यायचं ठरवून हात पट्टीकडं नेला.

पट्टी नव्हती.

बोटीच्या कडेवरून हात फिरवला, गुळगुळीत कापड. पुन्हा फिरवला. दगडाला हेल्मेट आपटलं, त्याचा आवाज झाला. मला तेव्हा आई आठवली वगैरे काही नाही. आठवलं ते हे की दोराची दोन टोकं मी उजव्या कमरेपाशी जोडली आहेत आणि तिथं बोराएवढी गाठ आहे. ती मीच बांधली होती, टोकं जाळून चिकटवली होती. हात तिकडं नेला, कापडावरून गाठ लागली, ती मुठीत धरून कडेबाहेर ढकलली. दोर तिथून निसटला आणि मी बाहेर आले.

पुण्याचा मुलगा बोट घेऊन आलाच होता. तिचं नाकाड धरून मी काठाला लागले. डोक्यावर थोपटलं. गुडघा सोलवटला होता, बाकी काही नाही.

अण्णा धावत आले. मी खडकावर बसून खोकत होते, तोवर त्यांनी माझा घेर हातात घेऊन काठ ताणून पाहिला.

"पट्टीनं सुटला नाही?"

मी मान हलवली.

"दोर जाड पडला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. "मीच आणला हा दोर. मीच आणला." मग बाकीच्यांकडं वळून म्हणाले, "सरी, ठीक. सगळ्यांनी स्कर्ट काढा. कुणी पाण्यात उतरायचं नाही. चालत जाऊ."

घेराशिवाय पुढचे दोन खळाळ पार होणार नव्हते. म्हणजे प्रवास तिथंच संपला. दातांच्या डॉक्टरांनी निमूटपणे घेर काढायला सुरुवात केली. अण्णा तो दोर सारखा बोटांनी चाचपत होते.

आणि मला एव्हाना आठवलं होतं. खडकावर बसल्या बसल्या हात आपोआप कमरेकडं गेला होता, ओल्या शर्टाचं टोक आत खोचायला. ते पाहिलं आणि कळलं. आत्याच्या मशीनवर बसायला लागले तेव्हा तिनं शिकवलेली पहिली गोष्ट शिलाई नव्हती. पहिली गोष्ट ही की ओढणी खोच. मोकळं टोक चाकात गेलं की मान ओढली जाते. गावात एका बाईचं तसं झालंही होतं. त्यामुळं कामाला बसायचं म्हटलं की जे काही लोंबतंय ते माझा हात आत खोचतो, मला विचारत नाही. त्या सकाळी घाईत मी घेर चढवला, पुढं पट्टी लोंबताना दिसली आणि हातानं ती काठाखाली खोचली. जसे पहिले तीन घेर शिवले होते, तसंच.

कुणी पाहिलं नव्हतं. मी काही बोलले नसते तर दोर जाड पडला हेच खरं ठरलं असतं. कुणी मला दोष दिला नसता, उलट अक्कानं शिरा केला असता. बोलले तर माझी बोट बंद, आणि इंजिनिअर-डॉक्टरांच्या पट्ट्या तपासणारी बाई स्वतःचीच पट्टी आत खोचते, हे सगळ्यांना कळणार. आठवी शिकलेल्या बाईकडं हे काम द्यायलाच नको होतं, असं ते म्हणतील. कदाचित मनातच म्हणतील, ते आणखी वाईट. मी बुटाच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. मग अण्णांनी खिशातून चाकू काढला आणि माझ्या घेराचा दोर कापायला घेतला.

"अण्णा, दोर चांगला आहे," मी म्हटलं.

"चांगला असता तर—"

"पट्टी मी आत खोचली होती."

त्यांना कळलं नाही. "कुणाची?"

"माझी. बसताना. ओढणी खोचतो तशी."

पाण्याचा आवाज एवढा होता की मला ते दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं. अण्णांनी चाकू मिटला. प्रत्येकाला घेर चढवून बोटीत बसवलं, काठावरच, आणि प्रत्येकाची पट्टी स्वतः ओढली, शेवटी आपलीही. सहाही सुटले. त्यांनी माझा घेर माझ्या रिकाम्या बोटीवर चढवला आणि ओढला. तोही सुटला.

"सरी," ते म्हणाले आणि एका दगडावर बसले. उठताना एवढंच म्हणाले, "स्वल्प आधी सांगायचंस गे. माझा जीव गेला होता."

पुण्याचा मुलगा पुढं आला. "ताई, नियम म्हणजे नियम. बोट बंद."

"माहीत आहे."

"शेळ्या इथं नाहीत. हत्ती आहेत म्हणे. तुमचा दर्जा वाढला."

सगळे हसले. मी नाही हसले, पण बरं वाटलं.

माझी बोट जंगलखात्याच्या चौकीत ठेवली. त्या खात्याचा एक माणूस काठानं आमच्याबरोबर चालायचाच, त्याच्या मागून मी निघाले. पिशवीत कोरडी ओढणी होती ती ओल्या शर्टावर घेतली. सहा बोटी वळणाआड गेल्या. तो माणूस कन्नडमध्ये सारखा म्हणत होता, बेगा बा, बेगा बा, लवकर चल. मला ती वाट फार लांब वाटली. फुलवालीला काय सांगू, याचाच विचार चालला होता.

संगमावर काय झालं ते मला शाळेच्या बाईंनी नंतर सांगितलं. बोटी दिसल्या तशी मुलं हात हवेत नाचवायला लागली, ती त्यांची टाळी. ती वेण्यावाली मुलगी मात्र मासे बघत होती. सहा मासे आले, पिवळा आला नाही. अण्णांनी, पुण्याच्या मुलानं, सगळ्यांनी तिला खुणांनी सांगितलं की ती ठीक आहे, चालत येतेय. तिनं कुणाचंच मानलं नाही. पाण्याच्या काठाला जाऊन, वरच्या वळणाकडं तोंड करून, डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. तासाभरानं मी झाडांतून आले तेव्हाही तशीच उभी होती. तोंड अर्थातच नदीकडं होतं, आणि मी आले पाठीमागून. हाक मारून उपयोग नव्हता. वळसा घालून तिच्यासमोर, घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिले आणि डोक्यावर थोपटलं.

तिनं हात खाली घेतला. मग रागानं विचारलं, बोट कुठं?

मी हातांनी सांगितलं. बोट उलटली. मी आत. पट्टी ओढायला गेले, पट्टी नाही. का नाही? मी स्वतःच खोचली. हे तिला पटेना. स्वतः? तिनं माझ्याकडं बोट दाखवलं, तू? मी म्हटलं, मी. ती माझ्याकडं नखशिखांत बघत राहिली. मग तिनं माझ्या कमरेत घट्ट खोचलेलं ओढणीचं टोक धरलं आणि ओढून बाहेर काढलं. चालायला सुरुवात करताना मी तेही खोचलं होतं. मला पत्ताच नव्हता.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी फुलवालीकडं गेले आणि सांगितलं की मी शेवटचा भाग बोटीतून नाही, पायी आले. हवं तर तुमचे पैसे परत घ्या. ती हार ओवत होती. म्हणाली, "पोहोचलीस ना? मग सरी." आणि केसांत माळायला अबोलीचा गजरा दिला. चहावाल्याला, घरमालकिणीला, सगळ्यांना तेच सांगितलं. श्रवणयंत्रं मुलांना मिळाली. वेण्यावालीला त्याचा फारसा उपयोग झाला नाही म्हणे. ती ते शाळेत घालायची, तळ्यावर येताना काढून ठेवायची.

तपासायचं काम अण्णांनी माझ्याकडून काढलं नाही. फक्त एक बदल झाला. सगळ्यांच्या पट्ट्या पाहून झाल्या की पुण्याचा मुलगा माझ्याजवळ येऊन विचारायचा, "पट्टी बाहेर, ताई?" आणि मी ती हातात धरून दाखवायचे.

घेरांत मात्र मी सुधारणा केली. जयनगरच्या बाजारातून मुलांच्या खेळातले प्लास्टिकचे भोकाभोकांचे चेंडू आणले, लाल, लिंबाहून थोडे मोठे, आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक ओवून पक्का शिवला. दुकानातल्या बायका म्हणाल्या, हे काय ध्यान. दिसायला ते ध्यानच होतं. पण तो चेंडू काठाखाली जात नाही, कमरेत जात नाही, कुठंच खोचता येत नाही. मी स्वतः बसून, सगळीकडून प्रयत्न करून पाहिला.